तिसरा हिस्सा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आपण सगळे गुरुजीच म्हणत आलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते या वाचनालयाचे ग्रंथपाल झाले आणि डोळ्यांनी साथ दिली तोवर रोज संध्याकाळी त्यांनीच हे दार उघडले. त्यांच्या लोखंडी कपाटात दोन वह्या असत. एक किर्द, जी ऑडिटरला दाखवायची. दुसरी वर्गणीची वही. ती त्यांनी कोणाला दाखवायला ठेवलीच नव्हती. आज मी जे बोलणार आहे ते या दुसऱ्या वहीतून निघाले आहे.

विषय आहे सरकारी अनुदान आणि लोकांच्या संस्था. कार्यक्रमपत्रिकेवर हे शब्द वाचून काहींना वाटले असेल की ही हिशेबतपासनिसांची बैठक आहे. पण आपण बसलो आहोत त्या सभागृहाचा विचार करा. मागच्या भिंतीला लागलेली कपाटे, मुलांच्या विभागातली टेबले, दहा वर्तमानपत्रे, दिव्याचे बिल, संध्याकाळी दार उघडणाऱ्या बाईंचा पगार. यातल्या प्रत्येक गोष्टीत कुठे ना कुठे सरकारचा रुपया आहे. त्या रुपयाशी आपले नाते नेमके काय, याचा विचार या गावाने एकदा तरी बसून करावा, म्हणून हा विषय मी निवडला.

सुरुवात जरा लांबून करतो, पुण्यातून.

पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि तिच्यातूनच पुण्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे 1849 मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या बाजूच्या सुधारकांनी अर्ज केला की या फंडातला काही भाग मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यावर पुण्यात मोठे वादळ उठले. आणि त्याच दक्षिणा फंडातून महात्मा फुल्यांच्या मुलींच्या शाळांना दरमहा 75 रुपये मिळू लागले. शतकभर ठरावीक हातांत पडणारा पैसा अक्षरे गिरवणाऱ्या मुलींपर्यंत पोचला. सरकारी अनुदान म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. पैसा कोणा साहेबाच्या खिशातला नव्हता. तो या मुलखाचाच होता. फक्त तो कुठे जावा यासाठी लोकांना भांडावे लागले.

पण या गोष्टीचा उत्तरार्धही आहे. 1857 चा उठाव झाला आणि सरकारचा हात आखडला, युरोपियन मंडळींच्या देणग्या आटल्या. त्या शाळांची ओढाताण सुरू झाली. संस्थेचे काम तेच, चालवणारी माणसे तीच, गरजही तीच. बदलली होती फक्त सरकारची मनःस्थिती. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या कुंडलीत हा योग तेव्हापासून लिहिलेला आहे.

मधे 1854 साली वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना मदत देण्याची रीतसर पद्धत सुरू झाली. तिच्या अटी आज वाचल्या तरी ओळखीच्या वाटतात. संस्थेला स्थानिक व्यवस्थापन हवे, सरकारी तपासणी मान्य हवी, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घेतली पाहिजे. ही शेवटची अट गरिबांच्या दृष्टीने कठोर होती, आणि तिचा जाच किती झाला असेल हे मी नाकारत नाही. तरी तिच्या मुळाशी एक विचार होता: ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचा हात तिला लागलेला असावा. हा विचार पुढे एका मराठी माणसाने फार सुंदर रीतीने वापरला. तो म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा.

सयाजीरावांनी 1906 साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की शाळेत शिकलेली अक्षरे पुस्तकावाचून चार वर्षांत पुसली जातात. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि गावोगावी वाचनालये उभी करण्याची योजना आखली. त्याआधीच मोतीभाई अमीन यांच्यासारखे शिक्षक आपापल्या भागात लोकांच्या पैशांतून छोटी वाचनालये चालवत होते. सरकारने त्यांची जागा घेतली नाही; त्यांच्या पाठीशी उभे राहिले. राज्याच्या ग्रंथालय खात्यात जनार्दन सखाराम कुडाळकरांसारखा मराठी अधिकारी होता, ज्याने ही चळवळ पुढे पुस्तकरूपाने नोंदवून ठेवली.

या योजनेचा पैशाचा हिशेब मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच स्थानिक पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. तीन सारखे हिस्से. गावाने काही जमवलेच नाही तर सरकारही काही देणार नाही. आणि गावाने जमवले, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत सरकारला नाही म्हणण्याची सोय नाही.

या हिशेबात मला जे दिसते ते असे. सरकारचा हिस्सा हे दान नव्हते, कारण त्याच्यावर गावाचा हक्क होता. आणि तो हक्क अर्ज करून मिळत नव्हता, आधी स्वतःचा हिस्सा ठेवून मिळत होता. अनुदान या शब्दात ‘दान’ आहे खरे, पण बडोद्याच्या योजनेत ती भागीदारी होती. भागीदाराने भागीदारापुढे हात जोडून उभे राहायचे नसते. हिशेब मात्र दोघांनी एकमेकांना दाखवायचा असतो.

आपल्याकडे हे कसे आले? कृष्णाकाठच्या लोकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी या देशात कायदा करण्याचा पहिला मान कोल्हापूर संस्थानाकडे जातो, 1945 साली. मुंबई इलाख्यात 1939 मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका, मोठे गाव, लहान गाव अशी उतरती साखळी सुचवली. मग 1948 साली मद्रासने कायदा केला. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा त्यामागे हात होता, आणि त्या कायद्याने ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राचा अधिनियम 1967 चा.

महाराष्ट्राने मद्रासची वाट धरली नाही, आणि हा फरक फार मोलाचा आहे. मद्रासमध्ये कर गोळा करून सार्वजनिक यंत्रणेने ग्रंथालये चालवायची. आपल्याकडे ग्रंथालये लोकांनी आधीच काढली होती. रत्नागिरीचे वाचनालय 1828 चे, नाशिकचे 1840 चे, पुण्याचे 1848 चे, कोल्हापूरचे 1850 चे. ठाण्यात 1893 साली आणि मुंबईत 1898 साली मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. इतक्या जुन्या घरात सरकारने मालक म्हणून शिरणे बरे दिसले नसते. म्हणून 1967 च्या कायद्याने लोकांच्या संस्थेला मान्यता द्यायची आणि 1970 च्या नियमांप्रमाणे तिला दरवर्षी परिरक्षणासाठी अनुदान द्यायचे, असे ठरले. घर लोकांचे, मंडळ लोकांनी निवडलेले, घटना नोंदलेली, धर्मादाय कार्यालयात हिशेब दिलेला. आणि पाठीवर सरकारचा हात. ‘गाव तेथे ग्रंथालय’ हे ब्रीद त्यातून आले. आज या राज्यात 11 ते 12 हजार ग्रंथालये या पद्धतीने चालतात. लोकांनी चालवलेल्या आणि सरकारने पोसलेल्या संस्थांचे एवढे मोठे जाळे ही महाराष्ट्राची मिळकत आहे. मी हे बोलायला उभा आहे तो तिच्या काळजीने.

काळजी कसली, ते आकड्यांत सांगतो. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे वर्ग असतात: जिल्ह्याची, तालुक्याची आणि इतर, त्यांत अ, ब, क, ड. 2012 मध्ये अनुदानाचे दर वाढले तेव्हा गावपातळीवरच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला 30 हजार रुपये ठरले. साधारण निम्मे वेतनासाठी धरायचे, निम्मे पुस्तके, वर्तमानपत्रे, भाडे, वीज यांसाठी. म्हणजे वर्षभर दार उघडणाऱ्या माणसाच्या वाट्याला 15 हजार. महिन्याचे 1,250. हा दर पुढची दहा वर्षे हलला नाही. 2022 च्या अखेरीस 60 टक्के वाढ जाहीर झाली, तिचे स्वागत आपणही केले, पेढे वाटले. त्या वाढीनेसुद्धा त्या माणसाच्या हाती महिन्याला दोन हजारांच्या आसपासच पडू लागले. 2022-23 मध्ये रोजगार हमीच्या कामावर दिवसाला 256 रुपये मजुरी होती. तिथे पाच दिवस खोदकाम करून जेवढे मिळत होते, तेवढ्यात या वाढीआधी आपण एका माणसाकडून महिनाभर गावाचे वाचनालय चालवून घेत होतो.

इथे मला थोडे थांबायचे आहे. लोकांच्या संस्थांना पैसा देणारा कोणीही असो, त्याला वस्तू द्यायला आवडते. कपाट दिले की त्यावर नाव घालता येते. संगणक दिला की फोटो निघतो. कपाटाला कुलूप लावणाऱ्या आणि संगणकावर मुलाला निकाल काढून देणाऱ्या माणसाचा पगार मात्र देणाऱ्याला खर्च वाटतो, काम वाटत नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर कंपन्यांचा सामाजिक निधी आला, पण त्याचीही ओढ दिसेल अशा प्रकल्पांकडे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. प्रशासकीय खर्च म्हटले की डोळ्यांपुढे वातानुकूलित केबिन येते. आमच्या वाचनालयात प्रशासकीय खर्च म्हणजे संध्याकाळी पाच ते आठ खुर्चीवर बसणाऱ्या बाई, ज्यांना या गावातल्या कोणत्या मुलीला घरी अभ्यासाला जागा नाही हे पाठ आहे. पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीची शिफारस करून कितीतरी वर्षे झाली. कर्मचाऱ्यांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. सरकारने आपला हिस्सा टाकताना माणसाकडे आधी पाहावे, मग पुस्तकाकडे, असे मी म्हणतो तेव्हा पुस्तकाचा अनादर करत नाही. पुस्तक हातात ठेवणारे माणूस नसेल तर कपाटातल्या पुस्तकाला वाळवी आधी भेटते.

दुसरी गोष्ट वेळेची. अनुदान दोन हप्त्यांत येते. खर्च मात्र बाराही महिन्यांत होतो. एका वर्षी आमचा हप्ता अडकला. कारण सांगितले जाई ते दर खेपेला वेगळे: कधी तरतूद आली नाही, कधी आली पण वितरित झाली नाही, कधी आमच्याच कागदात त्रुटी. मी एका कार्यालयात नऊ वेळा गेलो. उपयोगिता प्रमाणपत्र दिले, लेखापरीक्षणाचा अहवाल दिला, कर्मचाऱ्यांचे हजेरीपत्रक दिले, दाखलनोंद वहीची पाने साक्षांकित करून दिली. एस.टी.च्या भाड्यात आणि झेरॉक्समध्ये गेलेला पैसा मी मोजला तेव्हा मन खट्टू झाले, कारण तेवढ्यात मुलांच्या विभागाला दोन महिने मासिके आली असती. मार्च उजाडला तरी रक्कम जमा नव्हती. आणि ती जमा झाली तेव्हा 31 मार्चला दोन दिवस राहिले होते. वर्षाचा खर्च वर्षात दाखवायचा असतो. त्या दोन दिवसांत कोणत्या संस्थेने पुस्तके निवडून घ्यावीत, वाचकांना विचारावे, भाव पाहावा? जे दुकानात मिळाले ते आणले. त्या गठ्ठ्यातली काही पुस्तके आजही एकदाही बाहेर गेलेली नाहीत. मी देवघेवीची नोंद पाहून सांगतो आहे.

उशिरा आलेले अनुदान हे नुसते उशिरा आलेले नसते. ते संस्थेला चुकीच्या सवयी लावते. आधी उधार घ्यायचे, मग बिल जुळवायचे, मग जुळवलेल्या बिलाचे ओझे मनावर घेऊन तपासणीला सामोरे जायचे. प्रामाणिक माणसे या फेऱ्यात थकतात आणि मंडळातून बाहेर पडतात. ज्यांना बिले जुळवण्याचे काही वाटत नाही ती राहतात.

आणि म्हणून 2012 ची पडताळणी झाली. महसूल खात्याची माणसे एकाच वेळी राज्यभर ग्रंथालयांत गेली. कुठे पुस्तके नव्हती, कुठे वाचक नव्हते, कुठे पाटीच तेवढी होती. वर्तमानपत्रांत आले, आपल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नवी मान्यता आणि वर्गबदल थांबले, आणि ते दीर्घकाळ थांबूनच राहिले. म्हणजे ज्या गावात तरुणांनी खरोखर वाचनालय काढले आणि वर्षानुवर्षे चालवले, त्यांना दार बंद. दोषी होते त्यांची शिक्षा निर्दोषांनी भोगली. याबद्दल सरकारला दोष देता येतो आणि मी देतो. तपासणी दरवर्षी नीट झाली असती तर पाच दिवसांत धाड घालून मोजदाद करण्याची पाळी आली नसती.

पण पाटीपुरती ग्रंथालये जन्माला आली कशी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर बडोद्याच्या हिशेबात सापडले. तीन हिस्स्यांपैकी मधला, स्थानिक पंचायतीचा हिस्सा, आपल्याकडे जवळजवळ कुठेच उरला नाही. आणि पहिला, गावाचा हिस्सा, तो कागदावर आला. नियमाप्रमाणे वर्गणीदार दाखवावे लागतात म्हणून यादी करायची. वर्गणी मंडळातल्याच दोघा-चौघांनी भरून टाकायची. गावाला वाचनालय आहे याची खबरही नाही. एकाच हिश्श्यावर उभी केलेली ही तिपाई. ती पडली यात नवल नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलतो आहे असे समजू नका. आता गुरुजींच्या वहीकडे येतो.

मी 1984 साली या मंडळात आलो. तेव्हा महिन्याची वर्गणी दोन रुपये होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गुरुजी पिशवीत पावतीपुस्तक टाकून निघत. पेठ, मग कुंभारवाडा, मग नदीकडची आळी, मग नवी वसाहत. दुपारी दोनला परत. कधी 90 रुपये, कधी 120. मी त्यांना एकदा म्हणालो, “गुरुजी, एवढ्यासाठी तुम्ही उन्हात हिंडता? अनुदान येतंय की आपल्याला.” ते रागावले नाहीत. म्हणाले, “अरे, मी पैशाला जातो होय? दारात गेलो की कळतं, कुणाची पोरगी बारावीला आहे, कुणाच्या सासऱ्याला दिसेनासं झालंय, कुणी गेल्या महिन्यात पुस्तक नेलंच नाही. दोन रुपये मागितल्याशिवाय घरात कोण घेतो आपल्याला?”

वहीत प्रत्येक नावापुढे रकमेबरोबर एकेक शब्द आहे. ‘बाळंतपण’. ‘बदली होऊन गेले’. ‘मोठ्या अक्षरांचे हवे’. ‘रुसले आहेत’. एका नावापुढे सलग सात महिने ‘पुढच्या वेळी’ असे आहे आणि आठव्या महिन्यात 16 रुपये. गुरुजींनी त्या माणसाचे नाव कधी कमी केले नाही.

हप्ता अडकलेल्या वर्षी, मघाशी सांगितले त्याच वर्षी, वाचनालय एक दिवसही बंद राहिले नाही. वर्तमानपत्रवाल्याने सहा महिने बिल मागितले नाही. ग्रंथपाल बाईंचा पगार गावातल्या अकरा घरांनी महिना वाटून घेतला. कुंभारवाड्यातून एक म्हातारी आजी दोन पायल्या ज्वारी घेऊन आली. आम्ही ओशाळलो. ती म्हणाली, माझा नातू इथं शिकला, पैसे नाहीत, हे घ्या. ती ज्वारी कुठे नोंदवायची हे किर्दीत कळेना. गुरुजींनी ती आपल्या वहीत लिहिली.

पुढे दर वाढले, आमचे वर्षाचे भागू लागले. गुरुजींचे गुडघे गेले. आणि फेरी बंद झाली. ती बंद करण्याचा ठराव मीच मांडला होता, कार्यवाह म्हणून. मला वाटले, वर्गणी काउंटरवर भरता येते, माणसांचा वेळ कशाला घालवा. ठराव एकमताने मंजूर झाला. तीन वर्षांत वर्गणीदार निम्म्यावर आले. 2012 ला तपासणीची माणसे आली तेव्हा आपल्या वाचनालयात पुस्तके पुरी होती, नोंदी पुऱ्या होत्या, एकही त्रुटी निघाली नाही. सगळे अभिनंदन करत होते. पण यादी वाचून दाखवताना मला त्यातल्या किती घरांची दारे ठाऊक नाहीत, हे माझ्या लक्षात आले. ही चूक माझी होती. सरकारने ती करायला मला सांगितले नव्हते.

लोकांचा हिस्सा असण्याचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपल्याच सातारा भागाने दाखवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातली पोरे जगावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. बाया-बापड्यांनी मुष्टिफंडात मूठ-मूठ धान्य टाकले. 1948 साली भाऊरावांच्या वक्तव्यांवरून मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबवले. शेकडो शाळा-वसतिगृहांचा प्रपंच असलेल्या संस्थेला हा केवढा घाव. पण भाऊरावांना आपल्या शब्दांची किंमत मोजता आली, कारण ते एकट्या सरकारच्या जोरावर उभे नव्हते. लोक मदतीला धावले. गाडगेबाबांनी त्या सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. अनुदान परत सुरू झाले.

या प्रसंगात खेर खलनायक होते असे मी म्हणत नाही. ते निःस्पृह गृहस्थ होते. मी म्हणतो ते एवढेच की निःस्पृह माणसाच्या सरकारलाही टीका बोचली की हात पहिल्यांदा अनुदानाच्या नळाकडे जातो. त्या वेळी संस्था ताठ राहते की वाकते, हे कोठीत मुष्टिफंडाचे धान्य किती आहे यावर ठरते. आज गावागावांत महिला मंडळे आहेत, पाणलोटाच्या समित्या आहेत, अपंगांच्या शाळा आहेत, वसतिगृहे आहेत. त्यांतल्या अनेकांना एखाद्या बैठकीत खरे बोलायचे असते आणि हप्ता आठवून ते गप्प बसतात. मीही एकदोनदा असा गप्प बसलो आहे. जिल्ह्याच्या एका बैठकीत, समोर चुकीचे आकडे वाचले जात असताना.

म्हणून सरकारकडे माझे मागणे आहे आणि ते मी मोठ्याने मांडतो. जेवढी वर्गणी गाव खरोखर गोळा करील, तिच्याशी अनुदानाचा काही भाग बांधा, म्हणजे यादी भरण्याऐवजी माणसे दारोदार जातील. गरीब वाड्यांसाठी त्यात सूट ठेवा. 1854 च्या फीची चूक पुन्हा नको. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना त्यांचा हिस्सा बंधनकारक करा. पहिला हप्ता जूनच्या आत द्या. ग्रंथपालाचा पगार किमान वेतनाशी जोडा. आणि तपासणी दरवर्षी करा, पण तपासायला येणाऱ्याने वाचकाशीही बोलावे, फक्त व्हाउचर पाहून जाऊ नये. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान 1972 पासून राज्याच्या वाट्याला जोड देऊन पुस्तके देत आले आहे. वाटा मांडल्यावर जोड मिळते ही पद्धत आपल्या देशाला नवी नाही. ती गावापर्यंत आणणे अशक्य नाही. बडोद्याने तर ती शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या काळात आणली होती.

हे मागणे मंत्रालयात पोचायला किती दिवस लागतील ते लागोत. उत्तर येईपर्यंत आपण काय करायचे ते मात्र या सभागृहात ठरू शकते. 40 हजारांहून जास्त गावे आहेत या राज्यात आणि ग्रंथालये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाहीत. आपले गाव त्या भाग्यवान गावांत आहे. गेल्या महिन्यात मंडळाच्या सभेत मी तो जुना ठराव रद्द करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. वर्गणी आता महिना वीस रुपये आहे. गुरुजींची वही जिथे थांबली होती, तिथून पुढच्या पानावर आम्ही नवी तारीख घातली आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता पेठेतल्या मारुतीच्या देवळापासून फेरी निघेल. पाऊस असला तरी. तीन पावतीपुस्तके छापून आणली आहेत. एक माझ्याकडे आहे, एक ग्रंथपाल बाईंनी घेतले आहे. तिसऱ्यासाठी कोणी येणार असेल, विशेषतः नदीकडच्या आळीतले कोणी, तर व्याख्यान संपल्यावर मला दाराशी भेटा.